बार्शी लाइट रेल्वे

बार्शी लाइट रेल्वे : महाराष्ट्रातील एक जुना अरुंदमापी लोहमार्ग. मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी व बार्शी या गावांवरून लातूरपर्यंत गेलेल्या या मार्गाची एकूण लांबी ३२५ किमी. (२०२ मैल) आणि रुळांमधील अंतर ७६२ मिमी. (२ फूट ६ इंच) होते. १८९७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९५४ पर्यंत तो खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. २०१० पर्यंत त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर करण्यात आले. सध्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात आगगाडी प्रथम आली ती याच मार्गाने. मात्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे व तुळजापूर हे प्रसिद्ध देवीक्षेत्र ही दोन्ही ठिकाणे मार्गाबाहेर राहिली. अल्प भांडवलात रेल्वे बांधण्याच्या तंत्राचा एक यशस्वी नमुना म्हणून, तसेच त्या तंत्राच्या मर्यादांचे उदाहरण म्हणूनही, या मार्गाचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

संज्ञा : ‘लाइट रेल्वे’ म्हणजे हलकी रेल्वे. एकोणिसाव्या शतकात ही संज्ञा ग्रामीण भागातील कमी खर्चाच्या मार्गांना उद्देशून वापरली जाई. हलके रूळ, कमी वजनाची एंजिने, बेताचा वेग, साधी स्थानके व सिग्नलांची किमान व्यवस्था ही अशा मार्गांची लक्षणे होत. ब्रिटनमध्ये १८९६ साली हलक्या रेल्वेसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. हलकी रेल्वे अरुंदमापीच असते असे नाही. परंतु हिंदुस्थानात बहुतेक हलके मार्ग अरुंदमापी होते. महाराष्ट्रातील दौंड–बारामती, पाचोरा–जामनेर, पुलगाव–आर्वी आणि यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हे मार्ग याच वर्गातील होत. १९७० नंतर अमेरिकेत व यूरोपात शहरी व उपनगरी वाहतुकीच्या आधुनिक ट्राम पद्धतीस ‘लाइट रेल’ असे म्हणू लागले. दोन्ही संज्ञांमागील कल्पना मात्र एकच आहे : जेथे पूर्ण क्षमतेच्या रेल्वेचा खर्च परवडत नाही, तेथे क्षमता मर्यादित ठेवून खर्च कमी करणे.

पार्श्वभूमी : धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसलेला असून येथील मालवाहतुकीची परंपरा प्राचीन आहे. जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. त्यानंतरही अनेक शतके पठारावरील धान्य, गळिताची धान्ये व कापूस यांची ने-आण बैलगाड्या आणि तांड्यांचे बैल यांच्यावरच अवलंबून होती.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी.आय.पी.) कंपनीचा मुंबईहून आग्नेयीकडे जाणारा रुंदमापी मार्ग १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत व १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला. कुर्डुवाडीच्या स्थानकाचे त्या वेळचे नाव ‘बार्सी रोड’ असे होते. त्याच्या पूर्वेस सुमारे ३४ किमी. अंतरावरील बार्शी ही मुंबई इलाख्यातील मोठी कापूस-बाजारपेठ होती. बार्शी तालुका बहुतांशी निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या हद्दीने वेढलेला असल्याने संस्थानातील शेतमाल बैलगाड्यांतून प्रथम बार्शीस येई व तेथून पक्क्या सडकेने बार्सी रोड स्थानकावर जाई. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील गाडीवाटा चिखलाने बंद होत. बार्शी व मुख्य मार्ग यांना जोडणाऱ्या शाखेची गरज त्यामुळे स्पष्ट होती. परंतु रुंदमापी शाखा बांधण्याइतकी वाहतूक तेथे नव्हती.

उभारणी व विस्तार : एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) हा ब्रिटिश अभियंता जी.आय.पी. कंपनीत एंजिन-निरीक्षक होता. मुख्य मार्गांना माल पुरविणाऱ्या स्वस्त शाखामार्गांच्या शक्यतेचा त्याने अभ्यास केला व १८८७ च्या सुमारास बार्शी शाखेची पाहणी केली. शासनाशी झालेल्या दीर्घ वाटाघाटींनंतर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली व कॅल्थ्रॉप तिचा सल्लागार अभियंता झाला. बार्सी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

पुढील विस्तार दोन दिशांनी झाला. पश्चिमेकडे १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले. पूर्वेकडे मार्ग बार्शीहून संस्थानच्या हद्दीत शिरून तडवळे येथपर्यंत गेला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. पंढरपूर–मिरज हा अखेरचा व सर्वांत लांब टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाला. कॅल्थ्रॉपने बार्शीचा अनुभव पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील लीक व मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेच्या (१९०४) बांधणीत वापरला. उत्तरायुष्यात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्री विकसित केली.

तांत्रिक वैशिष्ट्ये : कॅल्थ्रॉपच्या पद्धतीचे मर्म आसभाराच्या समान वाटणीत होते. आसभार म्हणजे एका आसावरील चाकांच्या जोडीमार्फत रुळांवर पडणारे वजन. मार्गाची मजबुती गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर सर्वांत जड आसाच्या भारावर ठरवावी लागते. एकच एंजिन जड व बाकीचे डबे हलके असतील, तर त्या एका एंजिनासाठी संपूर्ण मार्गावर जड रूळ व भक्कम पूल बांधावे लागतात. म्हणून एंजिने, प्रवासी डबे व वाघिणी (मालडबे) या सर्वांचा आसभार कमाल ५ टन ठेवण्याचा नियम त्याने घालून दिला. परिणामी दर मीटरला सुमारे १५ ते १८ किग्रॅ. वजनाचे रूळ पुरेसे ठरले. सध्याच्या रुंदमापी मार्गांवर दर मीटरला ५२ किंवा ६० किग्रॅ. वजनाचे रूळ वापरले जातात, यावरून हा फरक लक्षात येतो.

आसभार मर्यादित ठेवूनही ओढण्याची शक्ती वाढविण्यासाठी एंजिनाचे वजन अधिक आसांवर विभागण्यात आले. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या एंजिनांना आठ जोडचाके होती. डबे व वाघिणी यांचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे व एकाच प्रमाणित लांबीचे होते. त्यामुळे रिकाम्या वाघिणीचे वजन कमी राहून त्या प्रमाणात माल अधिक भरता येई. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून या एंजिनांचे व डब्यांचे प्रात्यक्षिक अभियंत्यांना दाखविण्यात आले. अरुंदमापी रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज दूर होण्यास बार्शीच्या मार्गाने मोठी मदत केली.

अरुंद मापाचा दुसरा लाभ भूरचनेशी निगडित आहे. रुळांमधील अंतर कमी असल्यास मार्गाला अधिक तीव्र वळणे देता येतात. टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. भराव, खोदकाम व बोगदे यांचा खर्च वाचतो. बार्शीच्या सखल प्रदेशातून बालाघाटच्या पठारावर चढताना हा गुण विशेष उपयोगी पडला.

मार्गाची आखणी व धाराशिव : बार्शीहून निघालेला मार्ग पांगरीवरून रामलिंगच्या घाटात शिरे व येडशी येथे पठारावर येई. तेथून तडवळे (कळंब रोड), ढोकी, मुरूड या गावांवरून तो लातूरला जाई. घाटातील हा चढ आणि तेथून पूर्वेकडे जाणारा बराचसा सपाट प्रदेश पाहता बार्शी–लातूर ही दोन बाजारगावे जोडण्याचा हा सोयीचा व जवळचा मार्ग होता, हे उघड आहे. धाराशिव हे जिल्ह्याचे ठाणे मात्र येडशीपासून सुमारे २० किमी. दक्षिणेकडे पडते. ते मार्गावर घ्यायचे तर मार्गाची लांबी व चढणीचा खर्च दोन्ही वाढले असते. हलक्या रेल्वेचे सारे गणित दर मैली खर्च कमीत कमी ठेवण्यावर आधारलेले असते व त्यात प्रशासकीय महत्त्वापेक्षा मालाच्या वजनाला अधिक मोल असते. धाराशिव हे कचेऱ्यांचे गाव, तर लातूर हे धान्य व गळितांच्या व्यापाराचे गाव होते. रेल्वे लातूरला गेली.

याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. जिल्ह्याच्या ठाण्याला जाणारा प्रवासी येडशी स्थानकावर उतरून पुढे सडकेने जाई किंवा थेट सोलापूरची वाट धरी. लातूर हे त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातीलच एक तालुक्याचे ठिकाण होते. रेल्वे आल्यानंतर काही वर्षांतच, १९१७ मध्ये, तेथे गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ उभी राहिली. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख, तर धाराशिव शहराची सुमारे १.१ लाख होती. या तफावतीस रेल्वे हे एकमेव कारण नाही. शेती, शिक्षणसंस्था व राजकीय नेतृत्व यांचाही त्यात वाटा आहे. तथापि बाजारपेठेच्या पायाभरणीच्या काळात शेतमाल कोणत्या स्थानकावर जातो, याला निर्णायक महत्त्व होते.

वाहतूक : मालवाहतुकीत कापूस, सरकी, भुईमूग, डाळी व ज्वारी हा माल मुख्य होता. परतीच्या फेरीत कापड, मीठ, लोखंडी सामान, लाकूड इ. माल येई. बार्शीच्या कापड गिरण्यांना व सरकी काढण्याच्या कारखान्यांना या मार्गाचा मोठा आधार झाला. ढोकी येथे पुढे तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तोही या मार्गालगतच्या परिसरात.

प्रवासी वाहतुकीत पंढरपूरच्या यात्रेकरूंचा वाटा विशेष होता. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या सुमारास नेहमीचे डबे अपुरे पडत व वाघिणींतूनही यात्रेकरूंची ने-आण केली जाई. पायी वारीची परंपरा अबाधित राहिली. परंतु वृद्ध, स्त्रिया व दूरच्या गावचे लोक यांना पंढरपूर जवळ आले. मुख्य मार्गावरील कुर्डुवाडी जंक्शनचे महत्त्व यामुळे वाढले. तेथेच कंपनीचा दुरुस्ती कारखाना होता.

मापभेदाची अडचण : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या परिसरात तीन मापांचे मार्ग होते. दक्षिणेकडील मुंबई–सोलापूर मार्ग रुंदमापी, उत्तरेकडील मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरमापी आणि मधला बार्शी मार्ग अरुंदमापी होता. मिरजेचा पुणे–कोल्हापूर मार्गही १९७१ पर्यंत मीटरमापीच होता. त्यामुळे लातूरहून निघालेली वाघीण कुर्डुवाडीस किंवा मिरजेस पोहोचली की तिच्यातील प्रत्येक पोते उतरवून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत भरावे लागे. या फेरभरणीत वेळ व मजुरी खर्च होई, माल सांडे, भिजे किंवा गहाळ होई. अंतर जितके कमी तितका फेरभरणीचा बोजा दर मणामागे अधिक जाणवे.

बैलगाडीशी तुलना होती तोवर ही अडचण सह्य होती. मोटार मालट्रक आल्यावर परिस्थिती बदलली. ट्रक शेतमाल बाजारपेठेत भरून थेट सोलापूर, पुणे वा मुंबईस नेऊ लागले. हैदराबाद संस्थानात १९३२ पासून शासकीय बससेवा होती व स्वातंत्र्यानंतर राज्य परिवहनाच्या गाड्या वाढत गेल्या. बांधणीच्या वेळी वाचविलेला पैसा अशा रीतीने चालवणुकीच्या काळात थोडाथोडा परत द्यावा लागला.

शासकीय मालकी : कंपनीशी झालेल्या करारानुसार मार्ग विकत घेण्याचा हक्क शासनाकडे होता. त्याप्रमाणे १ जानेवारी १९५४ रोजी हा मार्ग शासनाने ताब्यात घेऊन मध्य रेल्वेत विलीन केला. परदेशात नोंदलेल्या खाजगी कंपनीच्या हाती स्वातंत्र्योत्तर काळातही राहिलेल्या मोजक्या मार्गांपैकी हा एक होय. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो अरुंदमापीच राहिला. मधल्या काळात हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. रेल्वेच्या बाबतीत मराठवाडा मागे राहिला, ही भावना त्या प्रदेशाच्या राजकारणात सतत व्यक्त होत राहिली. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने १९७० नंतरच्या काळात रुंदमापी रेल्वेची मागणी विकासाच्या अनुशेषाशी जोडून लावून धरली.

रुंदमापी रूपांतर : मिरज–लातूर मार्गाचे रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर हा टप्पा आधी पूर्ण झाला. लातूर–धाराशिव भाग सप्टेंबर २००७ मध्ये व धाराशिव–कुर्डुवाडी भाग ऑक्टोबर २००८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पंढरपूर–मिरज हा शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०१० मध्ये पूर्ण झाला.

या कामात केवळ रुळांचे माप बदलले नाही, तर आखणीही बदलली. रामलिंगच्या घाटातील जुनी वळणे रुंदमापी गाडीस सोयीची नव्हती. नवा मार्ग पांगरीपुढे दक्षिणेकडे वळवून धाराशिव शहरावरून नेण्यात आला व तेथून येडशीस जोडण्यात आला. जिल्ह्यात पहिली आगगाडी आल्यानंतर सुमारे एक शतकाने जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यास रेल्वे स्थानक मिळाले. लातूर–मुंबई थेट गाडीमुळे कुर्डुवाडीस गाडी बदलण्याची गरज उरली नाही.

रूपांतराचे महत्त्व २०१६ च्या दुष्काळात ठळकपणे दिसून आले. लातूर शहराचे पाण्याचे साठे आटल्यावर एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यात आले. १० वाघिणींच्या पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले; पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. सुमारे ३४० किमी. चा हा प्रवास जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्याच दोन टोकांमधील होता. आसभार ५ टन असलेल्या चार आसांच्या अरुंदमापी वाघिणीचे भरलेले वजन २० टनांपलीकडे जाऊ शकत नाही. तिच्यात १४–१५ टन पाणी मावते असे धरले, तरी २५ लाख लिटर पाण्यासाठी सुमारे १७० वाघिणी लागल्या असत्या, आणि तितक्या वाघिणी ओढण्यास अनेक गाड्या. मार्गाची क्षमता एरवी कागदावरचा आकडा वाटते. संकटकाळी तीच लोकांच्या घागरीपर्यंत पोहोचते.

तुळजापूर व प्रलंबित जोडमार्ग : पंढरपूर व तुळजापूर ही या परिसरातील दोन मोठी क्षेत्रे. पहिल्यास १९०६ मध्ये हलकी रेल्वे मिळाली, दुसऱ्यास मिळाली नाही. तुळजापूर हे बालाघाटच्या कड्यावर, सोलापूरपासून सुमारे ४५ किमी. व धाराशिवपासून सुमारे २२ किमी. अंतरावर आहे. सोलापूर मुंबई इलाख्यात व तुळजापूर निजामाच्या संस्थानात असल्याने मधल्या टापूतून राज्याची हद्द जात होती, शिवाय पायथ्यापासून देवस्थानापर्यंत घाटाची चढण होती. शारदीय नवरात्रात व विशेषतः आश्विनी (कोजागरी) पौर्णिमेस सोलापूर व कर्नाटकाच्या सीमाभागातून हजारो भाविक रात्रभर पायी चालत तुळजापूरला येतात. ही पायी यात्रा श्रद्धेची आहे. परंतु परतीच्या वाटेवर भाविकांना एस.टी. गाड्या व खाजगी वाहने यांखेरीज दुसरा पर्याय नव्हता.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने ८४.४४ किमी. लांबीच्या या रुंदमापी मार्गास मान्यता दिली. अपेक्षित खर्च सुमारे ९०५ कोटी रुपये, म्हणजे दर किलोमीटरला १० कोटी रुपयांहून अधिक, धरण्यात आला व काम २०२२–२३ पर्यंत पुरे व्हावे असे ठरले. खर्चाच्या वाटणीचा प्रश्न काही काळ रेंगाळला. २०२२ मध्ये राज्य शासनाने निम्मा वाटा उचलण्याचे मान्य केले. भूसंपादन व बांधकाम त्यानंतर हाती घेण्यात आले, परंतु ठरलेली मुदत उलटली तेव्हा मार्ग तयार झालेला नव्हता. हा मार्ग पूर्ण झाल्यास सोलापूर व लातूर यांतील रेल्वे अंतर कमी होऊन कुर्डुवाडीचा वळसा टळेल आणि धाराशिव हे केवळ मधले स्थानक न राहता जंक्शन बनेल.

मूल्यमापन : बार्शी लाइट रेल्वेविषयी दोन टोकांची मते व्यक्त होतात. एका मतानुसार मापभेदामुळे तिने प्रदेशाला मुख्य प्रवाहापासून तोडले. दुसऱ्या मतानुसार ती नसती, तर मराठवाड्याच्या या भागात रेल्वे आणखी कित्येक दशके आलीच नसती. दोन्ही मतांत तथ्य आहे. १८९५ मधील पर्याय हलकी रेल्वे की रुंदमापी रेल्वे असा नव्हता. तो हलकी रेल्वे की बैलगाडी असा होता. त्या मर्यादेत कॅल्थ्रॉपची योजना तंत्रदृष्ट्या निर्दोष व व्यापारीदृष्ट्या शहाणपणाची होती. दोष राहिला तो पुढील काळातील निर्णयांत. वाहतूक वाढल्यावर मार्गाची क्षमता वाढविणे, वगळलेली गावे जोडणे व माप बदलणे ही कामे वेळीच करावयास हवी होती. ती लांबत गेली व प्रत्येक दशकाबरोबर त्यांचा खर्च वाढत गेला.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. मुंबईतील ट्रामसेवा १९६४ मध्ये बंद झाल्यानंतर महाराष्ट्रातील मध्यम शहरांसाठी स्वस्त वाहतूक पद्धतींचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे आले आहेत. नासिकसाठी मांडलेल्या ‘मेट्रो निओ’ या रबरी चाकांच्या विद्युत् वाहनांच्या योजनेस केंद्र शासनाच्या २०२१–२२ च्या अर्थसंकल्पात सुमारे २,०९२ कोटी रुपयांचे साहाय्य घोषित झाले होते. अशा प्रत्येक प्रस्तावाचे आकर्षण कमी आरंभीच्या खर्चात असते. बार्शीच्या अनुभवावरून त्यांच्या परीक्षणाच्या तीन कसोट्या मिळतात : वाढलेल्या वाहतुकीस ही पद्धत किती काळ पुरेल, शेजारच्या वाहतूक पद्धतीशी तिची सांधेजोड फेरभरणीवाचून होईल काय, आणि खर्च वाचविण्यासाठी आखणीतून कोणती वस्ती वगळली जात आहे. यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत कमी लावली जाते. वगळलेल्या गावाचे नुकसान कंपनीच्या वा खात्याच्या ताळेबंदात दिसत नाही. ते त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या सोसावे लागते.

जुन्या मार्गाच्या काही खुणा अद्याप शिल्लक आहेत. कुर्डुवाडीचा कारखाना रेल्वेच्या सेवेत राहिला. रामलिंगच्या घाटातील सोडून दिलेल्या मार्गाचा परिसर आता येडशी रामलिंग अभयारण्याच्या वनराजीचा भाग आहे. बार्शी, पंढरपूर व लातूर या परिसरातील वृद्धांच्या बोलण्यात हा लोहमार्ग अजूनही ‘बार्शी लाइट’ या सुटसुटीत नावानेच ओळखला जातो.